बरणीत अडकलेलं अंडं

मुलीने माझ्याकडे फक्त व्हिनेगरची एक बाटली मागितली होती. "बाबा, येताना आणाल का?" एवढंच. मदत मागितली नव्हती, सल्ला मागितला नव्हता, मार्गदर्शन तर नाहीच नाही. हे बायकोने मला नंतर इतक्यांदा ऐकवलं आहे की आता ते मला तोंडपाठ झालं आहे.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. आमची मुलगी वर्षभर माझ्याशी एका शब्दात बोलत होती. "हो." "नको." "जेवले." त्या दिवशी तिने अख्खं वाक्य उच्चारलं, आणि तेही मला उद्देशून. अशा वेळी कुठला बाप नुसती बाटली आणून गप्प बसेल?

"व्हिनेगर कशाला गं?" मी विचारलं.

"प्रयोग करायचाय. पेशीपटलाचा. वर्गासमोर समजावून सांगायचाय." आणि एवढं बोलून ती खोलीत गेली.

बाकीचं बायकोने सांगितलं. जीवशास्त्राच्या बाईंनी बायकोला शाळेत बोलावून घेतलं होतं. मुलगी लिहिते छान, पण तोंड उघडत नाही. प्रश्न विचारला की उभी राहते आणि फरशीकडे बघते. तोंडी परीक्षेत भोपळा. पुढच्या वर्षी विज्ञान घ्यायचं असेल तर बाईंची शिफारस लागणार, आणि बाईंचं म्हणणं असं की तिने एक, फक्त एक प्रयोग वर्गासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने समजावून द्यावा. दिला तर शिफारस, नाहीतर विज्ञान विसरा. ज्या मुलीने पलंगाच्या वर पेशीचं रंगीत चित्र चिकटवलं आहे, तिला विज्ञान विसरा म्हणणं सोपं नाही. बायको म्हणाली की ती तासभर रडली, आणि रडलीही ती आवाज न करता.

"मी बघतो," मी म्हणालो. बायकोने हातातलं काम थांबवून माझ्याकडे काळजीने पाहिलं, पण तेव्हा मला वाटलं की ती काळजी मुलीची आहे.

मी मुलीचं पुस्तक घेऊन बसलो. पेशी म्हणजे काय, तिच्यात काय काय असतं, हे सगळं वाचलं आणि पेशीपटलापाशी येऊन थबकलो. पेशीत काय येऊ द्यायचं आणि तिच्यातून काय बाहेर जाऊ द्यायचं यावर नियंत्रण ठेवणारं पातळ आवरण, असं लिहिलं होतं. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. माझी उभी हयात एका खिडकीमागे काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं हे ठरवण्यात गेली आहे. साहेबलोक येतात आणि बदलून जातात, पण खिडकीशी मी असतोच. इतक्या वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी आणि आदरपूर्वक व्याख्या मी कुठेही वाचली नव्हती. ऑफिसात तर मला सगळे "टपाल" म्हणतात.

मी लगेच मुलीला बोलावून समजावून सांगितलं. केंद्रक म्हणजे मधल्या केबिनमधले साहेब. तंतुकणिका म्हणजे कँटीन, सगळ्यांना ताकद तिथूनच मिळते. रिक्तिका म्हणजे जुन्या फायलींची खोली. आणि पेशीपटल म्हणजे कोण? तर मी.

तिने माझ्या हातातलं पुस्तक आपल्याकडे वळवून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, पटल बसून ठरवत वगैरे नाही. पाणी आपलं आपण जातं. जिकडे विरघळलेलं जास्त असतं तिकडे."

"आपलं आपण काहीही जात नसतं," मी अनुभवाने सांगितलं. "सही लागते."

ती पुस्तक उचलून खोलीत गेली. माझं म्हणणं तिला पटलं असं मी समजलो.

प्रयोग तसा साधा होता. कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं. वरचं कवच विरघळतं आणि आतल्या पातळ पापुद्र्यात अंडं तसंच शाबूत राहतं. तो पापुद्रा पेशीपटलासारखा वागतो. असं अंडं साध्या पाण्यात ठेवलं की पाणी आत शिरून ते फुगतं, आणि साखरेच्या दाट पाकात ठेवलं की आतलं पाणी बाहेर येऊन ते सुकतं. लहान मूलही करेल. दुर्दैवाने ते करायला मी बसलो.

पहिली चूक शेजारच्या इंजिनिअरची. हा लिफ्टचा इंजिनिअर आहे, पण मत मात्र सगळ्याच विषयांवर देतो. मी अंडी घेऊन जिना चढत होतो (आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते, पण तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही), तेव्हा तो दारातच भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कच्चं अंडं? अहो, काय करताय! कवच गेलं की उरलं काय? आतून सपोर्टच नाही. पोरीच्या हातात फुटलं तर भर वर्गात शोभा होईल. उकडून घ्या. गाभा घट्ट झाला की टेन्शन नाही."

हे मला इतकं पटलं की मी घरात शिरल्या शिरल्या आधी अंडं उकडलं. मग ते व्हिनेगरमध्ये टाकलं. बुडबुडे आले, कवच विरघळू लागलं, मी खूश. कवच पूर्ण गेल्यावर मुलीने अंडं चमच्याने उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "बाबा, हे उकडलंय का?"

"हो. सुरक्षिततेसाठी."

"उकडलेलं फुगून दाखवत नाही, बाबा. ते आत गोठलंय."

ते अंडं बायकोने फेकून दिलं. घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास सुटला होता आणि व्हिनेगर संपलं होतं. आता नवं व्हिनेगर आणायचं, परत सगळं पहिल्यापासून करायचं, आणि शाळेची तारीख तर डोक्यावर आलेली.

दुसऱ्या चुकीचे मालक तळमजल्यावरचे काका. काका एका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःला बढती दिली असून ते आता थेट डॉक्टरसारखे बोलतात. त्यांनी मला दुकानातून येताना अडवलं.

"व्हिनेगर? अरे, ते कोशिंबिरीत घालतात. त्याने कवच जाणार केव्हा आणि तुझी पोरगी पास होणार केव्हा? त्यात असतं काय? ॲसिडच ना? मग सरळ ॲसिड घाल की. संडास धुवायचं असेल ना घरी?"

"काका, पण ते जरा..."

"थोडं पाणी मिसळ. माझं नाव सांगू नकोस फक्त."

शेवटच्या वाक्यानेच मी सावध व्हायला हवं होतं. पण वेळ हातातून चालला होता, आणि मी बाप होतो. मी न्हाणीघरातलं ॲसिड आणलं, काचेच्या वाटीत अंडं ठेवलं, आणि वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ॲसिड ओतलं. पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी नीटसं पाहिलं नाही, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. फेस उसळला, वाटीबाहेर आला, ओट्यावरून वाहत शेगडीपर्यंत गेला. अंडं दोनदा हललं आणि फुटलं. बायको धावत आली, खिडक्या उघडल्या, मला कॉलर धरून बाहेर काढलं. ओट्याच्या काळ्याभोर दगडावर आज एक मोठा पांढुरका डाग आहे. त्यावर काहीही घासा, जात नाही. बायको रोज त्या डागावरच पोळपाट ठेवते आणि ठेवताना आवाज करते.

"आता तुम्ही या प्रयोगाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "अंडं ती ठेवेल, तुम्ही फक्त बघायचं. तेही लांबून."

ज्या माणसाच्या शिक्क्याशिवाय ऑफिसात साहेबांच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आत जात नाही, त्या माणसाला स्वतःच्या घरात अंड्याजवळ जायची मनाई झाली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. शेजारचा इंजिनिअर आपल्या दारातून म्हणाला, "मी म्हटलंच होतं, सपोर्ट हवा."

तिसरं अंडं मुलीने ठेवलं, व्हिनेगरमध्ये, झाकून, न बोलता. आणि ते जमलं. कवच गेलं आणि आत एक पिवळसर, पारदर्शक, हलवलं की थरथरणारं काहीतरी उरलं. अंडं दिव्यासमोर धरलं की आतला बलक सावलीसारखा फिरताना दिसायचा. खरं सांगतो, इतकी सुंदर गोष्ट आमच्या घरात पूर्वी कधी बनली नव्हती. एवढ्या पातळ पापुद्र्यात सगळा संसार सांभाळलेला. ते बघायला मी नकळत दोन पावलं पुढे आलो, आणि मुलीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने वाटी माझ्या बाजूला सरकवली. म्हणाली, "हळूच बोट लावून बघा." मी लावलं. ते थंड आणि गुळगुळीत होतं.

इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण प्रश्न आला शाळेत नेण्याचा. अंडं वाटीत नेलं तर रस्त्यात सांडणार. आणि पाठवणी हा विषय निघाला की मला कुणी शिकवू नये. नाजूक माल बाहेर पाठवायचा तर आमच्या विभागाचा एकच नियम आहे: आत मोकळी जागा ठेवायची नाही. मोकळी जागा राहिली की माल हलतो, आणि हलला की फुटतो. शिवाय तोंड लहान पाहिजे, म्हणजे आतली वस्तू बाहेर उडी मारणार नाही.

बायको आणि मुलगी शेजारी गेल्या होत्या. मी मुरंब्याची एक जाड काचेची बरणी काढली. अंडं जेमतेम आत जाईल एवढंच तिचं तोंड. ते मी अलगद आत सरकवलं, बरणी काठोकाठ साध्या पाण्याने भरली, झाकण घट्ट लावलं, वर दोरी बांधली. बरणी हलवून पाहिली. अंडं जागचं हललं नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

सकाळी मुलीने बरणी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, पाण्यात ठेवलंत?"

"मग कशात ठेवणार?"

अंडं रात्रभर पाणी पीत राहिलं होतं. बरणीच्या आत ते टच्च फुगलं होतं, तोंडापेक्षा कितीतरी मोठं झालं होतं. झाकण काढलं, पाणी ओतलं, बरणी तिरकी केली. अंडं गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच बूच मारल्यासारखं बसलं. मुलीला ते बाईंसमोर बाहेर काढून, हातात धरून, पाकात सोडून दाखवायचं होतं. शाळेला निघायची वेळ होत आली होती.

यानंतर आमच्या घरात अर्धी इमारत जमली. इंजिनिअर म्हणाला, काच तापवा, ती पसरते. काका म्हणाले, तोंडाला तेल लावा, बाळंतपणात असंच करतात, आणि त्यांनी बरणी उलटी धरून बुडावर चापट मारायला सुरुवात केली. बायको म्हणाली, बरणी माझ्या आईची आहे, फोडायची नाही. इंजिनिअर आणि काका यांच्यात काच आणि तेल यावरून शब्दाला शब्द लागला. मी दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरून मध्ये उभा होतो. या सगळ्यात मुलगी माझ्या मागे उभी राहून दोनदा काहीतरी म्हणाली. "बाबा, पाक..." असं काहीसं.

"थांब जरा," मी म्हणालो. "मोठी माणसं बोलताहेत ना?"

शेवटी बरणी तशीच घेऊन, परत पाण्याने भरून, आम्ही दोघं निघालो. मुलीच्या दप्तरात पाकाची बाटली होती. वाटेत ती बरणीतल्या अंड्याकडेच बघत चालली होती. माझ्या मनात मात्र तिच्या पुढच्या आयुष्याचं चित्र दिसत होतं: विज्ञान गेलं, पेशीचं चित्र भिंतीवरून उतरलं, आणि एक दिवस ती कुठल्यातरी ऑफिसात माझ्यासारखी खिडकीमागे बसून शिक्के मारते आहे.

शाळेच्या दारातच कार्यालयाची खिडकी होती आणि खिडकीमागे एक क्लार्क होता. त्याने चष्मा खाली घेऊन बरणी पाहिली, आणि मी ओळखलं की हा माझ्याच जातकुळीतला माणूस आहे.

"हे काय?"

"अंडं."

"कच्चं?"

"हो. कवच काढलेलं. प्रयोगासाठी."

"कुठल्या सदरात घेऊ?" तो म्हणाला. "खाद्यपदार्थ असेल तर वर्गात नेता येत नाही. रसायन असेल तर प्रयोगशाळाप्रमुखांची परवानगी लागेल, ते रजेवर आहेत. सजीव असेल तर मुख्याध्यापकांना विचारावं लागेल. शिवाय काचेची वस्तू. शिवाय पालकांना या वेळेत आत प्रवेश नाही."

"अहो, मुलीचा प्रश्न आहे."

"नियमाचा प्रश्न आहे," तो शांतपणे म्हणाला. मी स्वतः हे वाक्य हजारदा वापरलं आहे, पण काउंटरच्या या बाजूने ते इतकं कडू लागतं याची मला कल्पना नव्हती. मी त्याला अंडं सजीव का नाही हे समजावू लागलो, मग ते खाद्यपदार्थ का नाही, मग माझ्या ऑफिसचं ओळखपत्र काढलं, मग आवाज चढवला. मागे पालकांची रांग लागली. घंटा वाजली.

तेवढ्यात मुलगी पुढे झाली. तिने माझ्या हातातून बरणी काढून घेतली. मी सोडत नव्हतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सोडा." मी सोडली.

"माझा प्रयोग आहे," तिने क्लार्कला सांगितलं.

"विद्यार्थिनीचं साहित्य होय? मग आधी सांगायचं ना. जा." आणि त्याने तिला आत सोडलं, अंड्यासकट, पाकासकट. मला हात करून थांबवलं आणि समोरचा बाक दाखवला.

मी बाकावर बसलो. शेजारी शिपाई बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "बरणीला तेल लावायचं होतंत साहेब," तो म्हणाला. मी डोळे मिटले. आत, दोन खोल्यांपलीकडे, माझी मुलगी या क्षणी चाळीस पोरांसमोर उभी असेल. हातात न निघणारं अंडं. नजर फरशीवर. आणि ज्या बापाने हे करून ठेवलं तो बाहेर, बाकावर, रिकाम्या हातांनी.

मग वर्गातून हसण्याचा आवाज आला. एकदा, आणि मग परत, आधीपेक्षा मोठा.

पोरं तिला हसत होती. क्लार्क फोनवर बोलण्यात गुंतला होता. मी उठलो, खिडकीखालून वाकून पलीकडे गेलो, कॉरिडॉर ओलांडला आणि त्या वर्गाचं दार ढकललं. बाईंना काय सांगायचं ते मनात ठरलं होतं: दोष माझा, शिक्षा मला, पोरीला काही बोलू नका.

दाराच्या फटीतून मला एक आवाज ऐकू आला. मोठा, खणखणीत, अधूनमधून हसू दाबणारा. तो माझ्या मुलीचा आवाज आहे हे समजायला मला वेळ लागला, कारण असा आवाज मी घरात कधी ऐकलाच नव्हता.

"...मग काकांनी बरणी उलटी धरली आणि बाळ रडत नसेल तर मारतात तशी चापट मारली," ती सांगत होती. पोरं बाकांवर लोळत होती. "शेजारचे म्हणाले तापवा. आई म्हणाली फोडू नका. आणि बाबा बरणीला मिठी मारून मध्ये उभे! सगळे अंड्याला ओढायला बघत होते. अंड्याला ओढायचंच नाहीये. आत पाणी का गेलं? कारण आत विरघळलेलं जास्त होतं, बाहेर कमी. आता बघा." तिने बरणीतलं पाणी ओतलं आणि दप्तरातून बाटली काढून दाट पाक बरणीत भरला. "आता बाहेर जास्त झालं. आता पाणी आपलं आपण बाहेर येणार. शाळा सुटेपर्यंत हे बारीक होईल आणि बरणी तिरकी केली की घसरून हातात येईल. कुणाला काही करावं लागणार नाही. फक्त थांबावं लागेल. पेशीपटल असंच काम करतं."

बाई फळ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला होता. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

सगळा वर्ग वळला. मुलीनेही पाहिलं. मला वाटलं, आता ती फरशीकडे बघेल, आणि जमलेलं सगळं माझ्यामुळे परत बिघडेल. पण तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. अगदी सरळ.

"हे माझे बाबा," ती वर्गाला म्हणाली. "तेच."

असा हशा मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मागच्या बाकावरचा एक मुलगा टाळ्या वाजवू लागला. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. माझी अब्रू त्या वर्गात, त्या शाळेत, आणि संध्याकाळपर्यंत त्या गावात कायमची गेली, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"बाबा, आता बाहेर थांबा ना," मुलगी म्हणाली. "माझं संपलं नाहीये."

मी मागे सरलो आणि दार ओढून घेतलं. क्लार्क कॉरिडॉरच्या टोकाशी येऊन मला बोटाने बोलावत होता. मी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि दाराला कान लावून उभा राहिलो, कारण आत ती पुन्हा बोलायला लागली होती.